कंसातलं वचन

कंस आला आणि मी आवाज उतरवला नाही.

समोर सगळी मंडळी सवयीप्रमाणे पुटपुटायला लागली होती. बाकांच्या दोन्ही रांगांतून ती गुणगुण उठली आणि तिच्यावर माझा आवाज पडला, स्टीलचं ताट फरशीवर पडावं तसा. पुढच्या बाकावरच्या बायकांनी दचकून मान वर केली.

"हळू गं बाई," सारामावशी खालून म्हणाल्या. "कंस आहे."

"माहितीये, मावशी," मी म्हणाले. माइक समोरच होता. चर्चच्या बाहेर चपलांपाशी बसलेल्या कुत्र्यालाही ते ऐकू गेलं असणार.

आमचं चर्च साखर कारखान्याच्या कडेला आहे, नगर जिल्ह्यात. मिशनच्या काळातलं दगडी, छोटंसं. आणि आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे, म्हणजे होती, जी मी दुसऱ्या कुठल्याच चर्चमध्ये पाहिली नाही. शास्त्रवाचन चालू असताना कंसातला मजकूर आला की वाचणाऱ्याने आवाज एकदम खाली न्यायचा आणि सगळ्या मंडळीने त्याच्यासोबत पुटपुटायचं. कंस संपला की पुन्हा मोठ्याने. लहानपणी मला ते फार आवडायचं. वाटायचं, आपण सगळे मिळून देवाच्या कानात काहीतरी सांगतोय.

त्या रविवारी वाचनाची पाळी माझी होती. मी तेव्हा नववीत होते. योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय होता. यरुशलेमातलं तळं, त्याच्या काठावर पडलेले आजारी लोक, आणि मग ते चौथं वचन, की अधूनमधून एक देवदूत उतरतो, पाणी हलवतो, आणि जो सगळ्यांत आधी पाण्यात शिरेल तो बरा होतो. हे सगळं कंसात. मी ते पूर्ण वाचलं, खणखणीत, आणि पुढे जायच्या आधी माझ्या प्रतीतली तळटीपही वाचली. तिचा अर्थ एवढाच, की सगळ्यांत जुन्या हस्तलिखित प्रतींमध्ये हे वचन सापडत नाही.

पुटपुटणं बंद झालं. 

थोरात गुरुजी उठून उभे राहिले. "खाली उतर."

"अजून वाचन राहिलंय, गुरुजी."

"उतर म्हणतो ना."

पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं आणि जणू काही अख्ख्या जगात हरवलेलं एकच गीत त्यांना आत्ताच शोधायचंय अशी पानं उलटायला सुरुवात केली. ते आमच्याकडे धर्मगुरू म्हणून नवीनच आले होते, आणि गुरुजींना घाबरायचे. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. गुरुजींना सगळेच घाबरायचे. नथानिएल थोरात गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, आमच्या शब्बाथशाळेचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाचे, प्रमुख. माझ्या पप्पांचा कान पिळणारे आणि मग माझाही पिळणारे. पूर्ण शुभवर्तमान पाठ. काना-मात्रा चुकला तर काठी नव्हती, पण ती नुसती नजर पुरायची.

मी उतरले. पण हळू उतरले. एकेक पायरी.

उपासना संपल्यावर त्यांनी मला घंटेच्या खांबापाशी गाठलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तू अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

"काय?"

"ते. तळटीप. तिमथ्यला सांगितलंस? बाकीच्या पोरांना?"

"आत्ताच सगळ्यांना सांगितलं की."

त्यांनी खांबाला गुंडाळलेली घंटेची दोरी सोडून पुन्हा आवळून बांधली. रागाने, असं मला तेव्हा वाटलं.

"ऐक," ते म्हणाले. "येत्या रविवारी बिशपसाहेब येणार. शनिवारी तुमची परीक्षा. रविवारी सुरुवातीलाच मंडळीसमोर उभी राहा आणि म्हण, माझं चुकलं, मी शास्त्राबद्दल शंका पसरवली. मग दृढीकरणाला तुझं नाव पुकारीन. नाहीतर नाही पुकारणार."

दृढीकरण म्हणजे काय हे आमच्यात नसलेल्यांना सांगायला हवं. लहानपणी आपला बाप्तिस्मा आईबापांच्या शब्दावर होतो. मोठं झाल्यावर आपण स्वतः उभं राहून सांगायचं, की हा विश्वास आता माझा आहे. मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, आणि त्या दिवसापासून प्रभुभोजनात मोठ्यांच्या रांगेत जागा. आमच्याकडे नावं गुरुजी पुकारतात. ज्याचं नाव नाही तो बाकावर. बिशपसाहेब परत कधी येतील सांगता येत नाही.

"मी शंका नाही पसरवली," मी म्हणाले. "छापलंय तेच वाचलं."

"शनिवारपर्यंत विचार कर," गुरुजी म्हणाले आणि सायकलला टांग मारून गेले.

घरी काय झालं ते विचारू नका. माझा पांढरा ड्रेस शिवून आलेला, जालन्याहून आत्या आणि तिचे सगळे लोक येणार म्हणून सांगून ठेवलेलं.

"म्हण ना एकदा चुकलं," पप्पा म्हणाले. "तोंड झिजतं का?"

"खोटं बोलू? दृढीकरणाच्या दिवशी? चर्चमध्ये?"

"वकील झाली बघ," पप्पा आईला म्हणाले. आईने मला दुसरी भाकरी वाढली, आणि आमच्या घरात तो एक प्रकारचा पाठिंबाच असतो.

खरं तर हे सगळं आधीच सुरू झालं होतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी मी शब्बाथशाळेत गुरुजींना विचारलं होतं, की कंसातलं हळू का वाचायचं. गुरुजी म्हणाले, "तिथे देवदूत उतरतो. देवदूतासमोर आवाज चढवू नये." मला ते इतकं पटलं की अंगावर काटा आला. आणि मग एक दिवस मला दुसरा कंस दिसला. ती व्यभिचारात धरलेली बाई, जिला दगड मारायला लोक जमतात आणि येशू खाली वाकून जमिनीवर लिहितो, ती सगळी गोष्ट कंसात. तिथे देवदूत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटीही कंस. मी शोधत बसले. देवदूत काही सगळ्या कंसांत उतरत नव्हता.

माझी मैत्रीण ऋतुजा ढाकणे म्हणाली, "कंसात म्हणजे ऑप्शनला टाकलं असेल." ती चेष्टा करत होती, पण मला झोंबलं.

मग मी शोधलं. पप्पांचं शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे कॉम्प्युटर आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की तो माझा असतो. काय काय सापडलं मला! मँचेस्टरला पपायरसचा एक तुकडा ठेवलाय, तळहातापेक्षा लहान, त्याच्यावर योहानाच्या काही ओळी, आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात तो दुसऱ्या शतकातला असावा. मृत समुद्रापाशी गुहांमध्ये यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची सबंध गुंडाळी मिळाली, तोवर हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा जवळजवळ हजार वर्षं जुनी, आणि ताडून बघितलं तर बारीकसारीक फरक खूप, पण पुस्तक तेच. आणि नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखित प्रती पाच हजारांच्या वर. काही सबंध, काही नुसते तुकडे. मी जेवायला जायचं विसरायचे. ऋतुजा म्हणायची, "तुला कुणीतरी आवडायला लागलंय." आवडायला लागलंच होतं, फक्त त्याचं वय अठराशे वर्षं होतं.

शनिवारी आम्ही सगळी पोरं चर्चच्या मागच्या खोलीत बसलो. टेबलामागे गुरुजी आणि पाळकसाहेब. तिमथ्यने दहा आज्ञांमधली सहावी, खुनाची, आणि सातवी, व्यभिचाराची, अशी काही एकत्र केली की पाळकसाहेबांना खोकला आला. मग माझं नाव.

"केझिया उमाप. शास्त्र कुणी लिहिलं?"

"देवाच्या प्रेरणेनं माणसांनी."

"आणि ते आपल्यापर्यंत कसं आलं?"

हा प्रश्न आम्हाला दिलेल्या प्रश्नांत नव्हता. बाकीची पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"झेरॉक्स निघून नाही आलं," मी म्हणाले.

तिमथ्य फिसकन हसला. गुरुजींनी नुसतं पाहिलं, तो गप्प.

मी दप्तरातून फिजिक्सच्या नोट्स काढल्या. हाताने लिहिलेल्या, चार वेगवेगळ्या मुलांच्या. आमच्या शाळेत वैदेही बोठे नावाच्या ताईच्या नोट्स प्रसिद्ध होत्या. ती पास होऊन गेली, पण नोट्स एकाकडून दुसऱ्याकडे उतरवल्या जात राहिल्या. झेरॉक्सला पैसे पडतात, हाताला पडत नाहीत. आणि जी वही तिच्या मालकाला अगदीच लाडकी, ती शेवटी झेरॉक्सला आमच्या दुकानात येतेच; ह्या चार मी तिथूनच मागून घेतल्या होत्या.

"साहेब," मी एक वही पाळकसाहेबांपुढे सरकवली, "न्यूटनचा तिसरा नियम वाचा ना. मोठ्याने."

पाळकसाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी वाचलं, "प्रत्येक क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया असते, ती विरुद्ध दिशेने असते, इथे सर चिडले."

खोलीत हशाच फुटला. पाळकसाहेब स्वतः हसले आणि मग घाबरून थांबले.

"हा काय चावटपणा आहे?" गुरुजी म्हणाले.

"चूक काय आहे ते सांगा, गुरुजी."

"सर चिडले हे नियमात नसतं."

"कशावरून?"

"अगं, दिसतंय की."

"इथे दिसतंय. पण समजा ते वाक्य नियमाइतकंच शहाणं असतं. मग कसं ओळखलं असतं?"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. आणि मी बघितलं, माझ्या डोळ्यांदेखत, रागावलेला माणूस बाजूला झाला आणि हेडमास्तर पुढे आला. चाळीस वर्षं कॉप्या पकडलेला हेडमास्तर! त्यांनी चारही वह्या ओढल्या, शेजारी शेजारी मांडल्या, आणि बोट फिरवायला लागले.

"ह्या दोघांत आहे. ह्या दोघांत नाही." बोट खाली गेलं. "आणि ज्या दोघांत आहे, त्यांच्या आकृतीतला बाणसुद्धा उलटा आहे. दोघांतही. म्हणजे एकाच वहीवरून उतरवलेत गधड्यांनी. कुणीतरी समासात लिहिलं असणार, वर्गातली आठवण म्हणून, की इथे सर चिडले. पुढच्याला वाटलं, राहून गेलेलं वाक्य आहे. घेतलं आत." ते आता जवळजवळ खूश होते. "ह्या दुसऱ्या दोघांच्या चुका वेगळ्या आहेत. ह्याने एक ओळ गाळली, ह्याने एकक चुकवलं. ही वेगवेगळ्या हातांतून आलीत. आणि दोन्हींत सर चिडलेले नाहीत. म्हणजे मूळ वहीत ते वाक्य नव्हतं."

"मूळ वही रद्दीत गेली, गुरुजी. वैदेहीताईच्या आईने विकली. तुम्ही ती पाहिलीत का?"

"पाहायला कशाला हवी? चार वह्या आहेत ना समोर."

आणि ते थांबले.

मी एवढी वाट बघितली होती त्या क्षणाची, पण तो आला तेव्हा मला जरा भीतीच वाटली. तरी बोलले. थांबणं माझ्या स्वभावात नाही.

"तेच करतात, गुरुजी. तेच. योहानाने लिहिलेली पहिली प्रत कुणाकडे नाही. पण इजिप्तमध्ये मिळालेल्या फार जुन्या प्रती आहेत, त्यांत चौथं वचन नाही. नंतरच्या कितीतरी प्रतींत आहे. लोक पाणी हलायची वाट का बघत होते ते समजावं म्हणून कुणीतरी समासात लिहिलं असेल, पुढच्याने आत घेतलं असेल, असं अभ्यासक म्हणतात. एकच प्रत उरली असती तर कुणाला कळलंच नसतं. हजारो आहेत, म्हणून फरक हजारो दिसतात, आणि म्हणूनच फरक पकडता येतात."

"म्हणजे बाकीचंही..." पाळकसाहेब अडखळले. "बाकीचं खरं कशावरून, असं कुणी म्हणेल ना."

"म्हणू दे! जिथे मोठा फरक आहे तिथे कंस आहे, तळटीप आहे, जाऊन बघता येतं. बहुतेक फरक म्हणजे शब्द पुढेमागे, अक्षर कमीजास्त. लिहिलं होतं ते आपल्यापर्यंत पोचलं, एवढं प्रती सांगतात. त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, ते प्रती नाही सांगत. ते मी उद्या सांगणार होते, बिशपसाहेबांसमोर." माझा आवाज चढला होता, चढू दिला. "आणि कंस कुणी घातला, गुरुजी? वैऱ्याने नाही घातला. आपलं शास्त्र मराठीत आणणाऱ्यांनी घातला. त्यांनी उघड सांगितलं. आवाज खाली नेऊन झाकलं ते आपण. मी माफी मागणार नाही. नाव नका पुकारू. बाकावर बसेन, पण पहिल्या बाकावर बसेन."

"सगळे बाहेर जा," गुरुजी म्हणाले. "साहेब, तुम्हीही. केझिया, तू थांब."

दार लागलं. गुरुजी वह्या एकावर एक रचत होते, कडा जुळवत.

"सिलासने हेच विचारलं होतं," ते म्हणाले.

सिलासदादा म्हणजे त्यांचा मुलगा. पुण्याला असतो, कंपनीत. नाताळला यायचा नाही, मंडळीत कुणी विचारलं की गुरुजी म्हणायचे, सुट्टी मिळत नाही.

"कॉलेजात त्याला कुणीतरी दाखवलं. म्हणाला, अण्णा, हा कंस कसला? मी म्हणालो, कसला नाही, आपल्या शास्त्रात काना-मात्रा बदललेला नाही. त्याने विश्वास ठेवला. चार पोरांसमोर तसंच सांगितलं. मग त्यांनी त्याला लायब्ररीत नेलं आणि पुस्तकं उघडून दाखवली." वह्यांच्या कडा आता इतक्या जुळल्या होत्या की जुळवायला काही उरलं नव्हतं. "घरी आला तेव्हा एकच विचारलं. म्हणाला, तुम्हाला माहीत नव्हतं, की माहीत असून सांगितलंत?"

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक. पण विचारलं.

"शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या शिबिरात सांगितलं होतं आम्हाला. तरुण होतो तेव्हा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मला वाटायचं, एक वीट हलवली तर पोरं भिंत पाडतील. ते देवदूताचं कारण मीच शोधून काढलं. भिंत आहे तिथेच आहे. पोरगं गेलं."

बाहेर तिमथ्य घंटेच्या दोरीशी खेळत होता, कुणीतरी त्याला ओरडलं.

"माफीचं राहू दे," गुरुजी म्हणाले. मग खिशातून फोन काढला, साधा, बटणांचा. "एक काम कर. तुझ्यासारखं मला बोलता येणार नाही. हे वह्यांचं, बाणांचं, सगळं त्याला सांग. तुझं ऐकेल तो. मी लावून देतो."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. खरं सांगते, मला सांगायचं होतं. मला तर रस्त्यात थांबवून लोकांना सांगायचं होतं! आणि उद्या माझं नाव पुकारायचं की नाही ते ह्याच माणसाच्या तोंडात होतं, तेही मला कळत होतं.

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"त्याने मला विचारलं नव्हतं, गुरुजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात सगळ्यांत मागे बसलेल्या पोराने अचानक बरोबर उत्तर दिल्यावर बघावं तसे. मला वाटलं, गेलं नाव. गेलं तर गेलं. मी वह्या उचलल्या, दप्तरात कोंबल्या आणि दाराकडे निघाले.

नाव गेलं नाही, हे सांगूनच टाकते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळ्यांत शेवटी पुकारलं, कपाळाला आठ्या घालून, आणि मी इतक्या तरातरा पुढे गेले की बिशपसाहेबांचा हात आधी माझ्या कानावर पडला. आता मी बारावीत आहे. बिशपसाहेबांनी काय प्रार्थना केली त्यातला एक शब्दही मला आठवत नाही. शनिवारचं मात्र सगळं आठवतं. कडी काढताना मागे बटणं दाबल्याचा आवाज आला. मी दार उघडलं, पण बाहेर पडले नाही.

"हां, सिलास. मी बोलतोय." गुरुजींनी घसा साफ केला. "नाही रे, कुणाला काही झालं नाही. सगळे बरे आहेत. आई बरी आहे. ऐक ना. त्या दिवशी तू मला एक विचारलं होतंस." पलीकडून कुणी फोन ठेवला नाही. "माहीत होतं, बाळा. तेव्हाही मला माहीत होतं."